मीठ कंपनीचं, दम अण्णांचा

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून एका लेकीचं पत्र आलं आहे. वडिलांना घरात अण्णा म्हणतात, वय 66. कोरडवाहू तुकडा भावावर सोपवून ते 1986 साली मुंबईच्या बाजूला गेले आणि सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात लागले. सुरुवातीला ठेकेदाराकडे, मग कायम. पोती फोडून पावडर मिक्सरमध्ये ओतायची, हे त्यांचं अनेक वर्षांचं काम. 2012 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आले, तेव्हा पगार 11 हजारांच्या आसपास होता. 2013 च्या पावसाळ्यात कोरडा खोकला आणि दम सुरू झाला. टीबी समजून दोनदा औषधांचा कोर्स झाला, पण थुंकीत जंतू कधीच सापडले नाहीत. गेल्या दिवाळीनंतर संभाजीनगरला सीटी स्कॅन झाला, तेव्हा डॉक्टरांनी 'ॲस्बेस्टोसिस' हा शब्द उच्चारला, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार.

आता घरात तीन मतं आहेत. भाऊ म्हणतो, केस करू. त्यानं एक 'माहीतगार' गृहस्थही गाठलाय. त्याला मिळेल त्यात तिसरा हिस्सा हवा आणि मूळ कागद स्वतःजवळ ठेवायचेत. दुसरीकडे कंपनीतल्या जुन्या साहेबाकडून निरोप आलाय, 75 हजार घ्या आणि 'यापुढं काही मागणं नाही' अशा कागदावर सही करा. आणि अण्णा म्हणतात, "जिचं मीठ खाल्लं तिच्यावर दावा लावायचा नसतो. आणि मी बिडी ओढत होतो, हे माझ्याच कर्माचं." लेकीचा प्रश्न असा की अण्णांच्या मनाविरुद्ध जावं का, आणि इतक्या वर्षांनी हाती काही लागेल का. पत्राच्या शेवटी तिनं जाता जाता लिहिलंय, की टीबीची जुनी फाईल भाऊ जाळून टाकणार आहे, कारण ती दिसली तर कंपनी म्हणेल, हा टीबीच होता.

ताई,

बाकीचं नंतर वाचा. आधी उठा आणि ती फाईल भावाच्या हातून काढून घ्या.

ज्या कागदांची तुमच्या भावाला भीती वाटते, तेच तुमच्या बाजूचे सगळ्यात मोलाचे कागद आहेत. कसे ते सांगते. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात धंद्यामुळे होणाऱ्या आजारालाही अपघातच मानलं आहे. अपघाताला तारीख असते, आजाराला कुठली? म्हणून कायद्यानं एक सोय केली. माणूस काम सोडून गेला आणि सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत त्या धंद्याच्या आजाराची लक्षणं दिसली, तर लक्षणं पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा धरायचा. अण्णांनी 2012 मध्ये काम सोडलं. 2013 च्या पावसाळ्यात ते खोकत दवाखान्यात गेले आणि कुणीतरी तारीख टाकून केसपेपरवर 'कोरडा खोकला, चालताना दम' असं लिहिलं. ती तारीख तुम्हाला आज कुठल्याही वकिलाकडून विकत मिळणार नाही. डॉक्टरांनी निदान चुकीचं केलं असेल, पण लक्षण बरोबर टिपलं. थुंकीचे 'निगेटिव्ह' रिपोर्ट आणि दोन कोर्स होऊनही न थांबलेला दम, हेही उलट तुमच्याच कामाचं आहे.

आपल्याकडं हे फार घरांत घडलं असणार. खाणीतून, कारखान्यातून, जहाजतोडणीतून परत आलेला माणूस गावात खोकायला लागला की त्याला टीबीचा शिक्का बसतो. घरचे त्याची ताट-वाटी वेगळी करतात आणि 'मुंबईला कुठल्या खात्यात होतास' हे कुणी विचारत नाही. हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा खोकणारा माणूस असेल, तर औषध लिहून घ्यायच्या आधी डॉक्टरांना त्याचं पूर्वीचं काम सांगा.

आता बिडी. ॲस्बेस्टॉस हे खनिज, सिमेंटच्या पत्र्यांसाठी अण्णा मिक्सरमध्ये ओतत ती पावडर त्याचीच. त्याचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक, हवेत तरंगतात, श्वासाबरोबर खोल जातात आणि तिथंच रुततात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वर्षानुवर्षं त्यांच्याभोवती व्रण धरत जातात आणि फुफ्फुस वाळलेल्या चामड्यासारखं ताठ होत जातं. याला दहा, वीस, तीस वर्षंसुद्धा लागतात. म्हणून माणूस घरी येऊन बसल्यावर आजार वर येतो आणि कारखाना हात झटकायला मोकळा राहतो. बिडीनं ॲस्बेस्टोसिस होत नाही. बिडी आणि हे धागे एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र अनेक पटींनी चढतो, त्यामुळं अण्णा अजून लपूनछपून ओढत असतील तर ती आजच बंद करा. पण 'माझ्याच कर्माचं' या वाक्यातून त्यांना बाहेर काढा. कायदा तरी त्यांच्या बाजूनं उभा आहे. कायद्याला जोडलेल्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टोसिस नाव घेऊन लिहिलेला आहे, ॲस्बेस्टॉसमुळं होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, हेही आहेत. ठरलेल्या मुदतीइतकी सलग नोकरी त्या कामावर झाली असेल, तर आजार कामामुळंच झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. कर्करोगाच्या बाबतीत ही मुदत फक्त 6 महिन्यांची आहे. अण्णांनी तर 26 वर्षं काढली.

आता मिठाकडं येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते याच वाक्यानं.

अण्णांचा राग करू नका. दुष्काळी गावातून गेलेल्या माणसाला त्या पगारानं पोरं शिकवता आली, लेकीचं लग्न करता आलं. ती कृतज्ञता खोटी नाही. मात्र त्यांना एवढं विचारा. आपल्या तालुक्यातून दर दसऱ्यानंतर कोयते, म्हणजे मजूर जोडपी, ऊसतोडीला निघतात. जाताना मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर ती फेडतात. त्या उचलीला कुणी मीठ म्हणतं का? हिशेब म्हणतात. कंपनीनं अण्णांना पगार दिला तो कामाचा. पोतं फोडताना नाकातोंडात जाणारी पावडर पगारात धरलेली नव्हती. ती धूळ काय करते हे कंपनीला माहीत असायला हवं होतं, अण्णांना कुणी सांगितलं नाही. म्हणजे इथं उचल कंपनीनं घेतलीय, अण्णांच्या श्वासाची, आणि ती 26 वर्षं घेतलीय. अजून फिटलेली नाही. हिशेब मागितल्यानं मिठाशी बेइमानी होत नाही.

एवढं सांगूनही ते नाही म्हणाले, तर? तुम्ही विचारलंय की त्यांच्या मनाविरुद्ध जावं का. ताई, जाताच येणार नाही. ते हयात असेपर्यंत हक्क त्यांचा आणि अर्जावर सही त्यांची. तुमच्या भावानं हे लक्षात घ्यावं. उद्या या आजारानंच त्यांचं काही बरंवाईट झालं, तर हक्क अवलंबून असलेल्यांचा होतो, म्हणजे तुमच्या आईचा. तुम्ही लग्न झालेली लेक असाल तर तुम्ही त्यात सहसा बसत नाही. पण तेव्हा आईला सिद्ध करायला लागेल की अण्णा कुठल्या खात्यात, कुणाबरोबर, काय करत होते, आणि ते सगळं आज फक्त अण्णांच्या डोक्यात आहे. म्हणून 'दावा लावा' असा हट्ट धरण्यापेक्षा 'आईसाठी सगळं लिहून ठेवू' असं म्हणा. बहुतेक माणसं स्वतःसाठी भांडत नाहीत, बायकोसाठी तयार होतात.

आता पैशाचा मार्ग. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि सगळं तिच्यावर अडलंय. पगारातून 'ईएसआय', म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात होता का? 2012 मध्ये त्याची पगारमर्यादा 15 हजार होती, अण्णांचा पगार 11 हजार, त्यामुळं बहुधा कापला जात असणार. जुन्या पगारपावतीवर बघा. ट्रंकेत फोटो लावलेलं कामगार विम्याचं कार्ड असेल, तर त्यावरचा विमा क्रमांक उतरवून घ्या.

विमा असेल तर भरपाई कंपनीकडं मागायची नसते, राज्य विमा महामंडळाकडं मागायची. म्हणजे अण्णांचा मिठाचा प्रश्नही बराचसा सुटला, कारण कंपनीनं आणि त्यांनी मिळून भरलेल्या विम्यातूनच हे येतं. वैद्यकीय मंडळ तपासून कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, तीही आयुष्यभर. ढोबळ अंदाज द्यायचा तर 11 हजारांचे 90 टक्के म्हणजे 9,900, आणि अपंगत्व 40 टक्के ठरलं तर महिन्याला 3,960 रुपये. आजारानं मृत्यू आला तर पत्नीला पूर्ण दराच्या तीन पंचमांश. मंडळाचा निर्णय पटला नाही तर कर्मचारी विमा न्यायालय आहे. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. निदान 5 वर्षं विमा भरून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला वर्षाला फक्त 120 रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला विम्याच्या दवाखान्यात उपचार घेता येतात. संभाजीनगरला विमा रुग्णालय आहे. ही सोय दाव्याचा निकाल लागायची वाट बघत नाही. ते काम याच महिन्यात करा.

विमा नसेल, तर भरपाई कायद्याखाली एकरकमी मागणी. तिचा हिशेब असा: मासिक पगाराचे 60 टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला एक गुणांक, गुणिले अपंगत्वाची टक्केवारी. 2013 मध्ये पगार कितीही जास्त असला तरी हिशेबाला 8 हजारच धरत. अण्णा तेव्हा 53 वर्षांचे, त्या वयाचा गुणांक 142.68. म्हणजे 4,800 गुणिले 142.68, झाले 6,84,864. हे पूर्ण अपंगत्वाला. 40 टक्क्यांना साधारण 2 लाख 74 हजार. वेळेत न दिल्याबद्दल वर्षाला 12 टक्के सरळ व्याज वेगळं, आणि कारण नसताना टाळलं असेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. आता त्या 75 हजारांकडं परत एकदा बघा.

त्या सहीच्या कागदाबद्दल. भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार या कायद्यापुढं रद्दबातल असतो. तडजोड करायचीच असेल, तर ती भरपाई आयुक्तांकडं, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, नोंदवावी लागते आणि रक्कम अगदीच तोकडी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. तरीही सही करू नका. रद्द ठरणारा कागदसुद्धा कोर्टात दोन वर्षं खातो. साहेबाचा निरोप आला तर नम्रपणे सांगा, "साहेब, जे द्यायचं ते आयुक्तांसमोर द्या."

आणि ते माहीतगार गृहस्थ! कायदा म्हणतो की भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही, ती जप्तही होत नाही. त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याला कागदावर काही आधार नाही, म्हणूनच त्यांना मूळ कागद हातात हवेत. भावाला सांगा, मूळ कागद घराबाहेर जाणार नाहीत, लागतील तेवढ्या झेरॉक्स द्या. वकील फुकट मिळतो. औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील देण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे. बीडला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, नाहीतर 15100 वर फोन लावा.

तुमच्या मनात असेल की कारखाना मुंबईकडं, तारखांना तिकडं कोण जाणार? जायची गरज नाही. कामगार जिथं राहतो तिथल्या आयुक्तांकडंही अर्ज करता येतो. आपल्या राज्यात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम बघतात, केजसाठी कुठं ते विधी सेवेतले वकील सांगतील. पुढं मालक उच्च न्यायालयात गेलाच तर खंडपीठ संभाजीनगरलाच आहे, आणि अपील करायच्या आधी त्याला ठरलेली रक्कम भरावी लागते. ठेकेदाराकडच्या वर्षांचंही घाबरू नका, त्या काळाची जबाबदारीही मूळ मालकावर येते, तो ठेकेदाराकडून वसूल करत बसेल.

इथं एक वास्तव सांगायला हवं. अर्जाची मुदत दोन वर्षांची आहे आणि तुम्हाला दहाच्या वर झालीत. ही तुमच्या प्रकरणातली कच्ची वीट. उशिराला पुरेसं कारण असेल तर आयुक्तांना अर्ज ऐकता येतो, आणि 'आजाराचं खरं नावच आम्हाला गेल्या दिवाळीनंतर कळलं' याहून चांगलं कारण काय असणार? पण ते तारखांनी दाखवावं लागेल, आणि आता इथून पुढं जो महिना वाया जाईल त्याला कारण सापडणार नाही. आणखी एक: 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि भरपाईचा आणि विम्याचा, हे दोन्ही कायदे तिच्यात गेलेत. जुन्या आजाराच्या अर्जात कुठलं कलम टाकायचं ते वकिलावर सोडा. निकालाला कायद्यानं तीन महिने सांगितलेत. ते तीन महिने कुणी बघितलेत कोण जाणे, तुम्ही तीन वर्षांची तयारी ठेवा.

डॉक्टरांकडून काय हवं, तेही सांगते. नुसता सीटीचा अहवाल पुरत नाही. फुफ्फुसाची क्षमता मोजणाऱ्या चाचण्या करून घ्या, संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे घाटीत, छातीच्या विभागात त्या होतात. केसपेपरवर डॉक्टरांनी कामाचा इतिहास लिहायला हवा: कुठून कुठपर्यंत, कुठल्या खात्यात, कशाची धूळ. हा आजार सूचित करण्याजोगा आहे, म्हणजे कारखान्यात काम केलेल्या माणसात तो दिसला तर डॉक्टरांनी मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचं असतं, हे 1948 च्या कारखाना कायद्यापासून चालत आलंय. डॉक्टरांना भांडून नका सांगू, विनंती करा, बऱ्याच जणांना हे आठवतच नाही. तो एक कागद सरकारी दप्तरी गेला की अण्णांचा आजार घरातला राहत नाही.

कंपनीकडचे कागद? 27 जानेवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यात म्हटलं. आणि ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कारखान्यानं कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा सोडल्यापासून 15 वर्षं, जे नंतर येईल तोवर, जपायच्या असं बजावलं. अण्णांच्या बाबतीत 40 वर्षं 2026 मध्ये भरतात आणि 15 वर्षं 2027 मध्ये. म्हणजे कंपनीनं 2027 पर्यंत त्यांचे एक्स-रे जपायलाच हवेत. त्याच्या आत, नोंदणीकृत टपालानं, लेखी मागणी करा. पोचपावती जपा. उत्तर आलं नाही तर ते न येणंही पुरावा आहे. सोबत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं माहिती अधिकारात, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, त्या कारखान्याच्या तपासण्यांचे अहवाल मागा. नोकरीचा पुरावा म्हणून पीएफचा क्रमांक, पेन्शनचा कागद, स्वेच्छानिवृत्तीचं पत्र, गेटपास, युनियनची पावती, यातलं जे मिळेल ते.

पत्रात आईबद्दल एक ओळ आहे. "आई अण्णांचे कामावरचे कपडे घरी झटकून धुवायची, तिलाही हल्ली जिन्यावर धाप लागते." ही ओळ तुम्ही सहज लिहिली, मला ती दोनदा वाचावी लागली. त्या कपड्यांतून उडणाऱ्या धुळीनं बायकांना हाच आजार झाल्याचं वैद्यकशास्त्राला माहीत आहे. भरपाईचा कायदा फक्त कामगाराला ओळखतो, कपडे धुणाऱ्या बाईला नाही. तिला मागायचं तर दिवाणी दाव्याची लांबची वाट आहे, आणि हे मला अन्यायाचंच वाटतं. पण तपासणी तर आपल्या हातात आहे. घाटीत अण्णांना नेताना त्याच गाडीत आईला बसवा.

आणि हो, गावातल्या गोठ्यावर, न्हाणीवर असलेले सिमेंटचे जुने पत्रे. अखंड पत्र्याची धूळ फारशी उडत नाही, घाबरून घाईनं काढायला जाऊ नका. फोडायचे, कापायचे, भोक पाडायचे मात्र नाहीत, आणि काढावेच लागले तर भिजवून, न तोडता, पोरांना लांब ठेवून.

आता उद्यापासूनचं काम. एक दोनशे पानी वही आणा. संध्याकाळी ऊन उतरलं की अण्णांजवळ बसा आणि ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहा. खातं, पाळी, मुकादमाचं नाव, तोंडाला बांधायला फडकं तरी मिळायचं का, पोती कुठून आलेली असायची. बरोबर कोण होतं, त्यातलं आज कोण कुठं आहे, कोण गेलं आणि कशानं गेलं. त्यातले दोन-तीन जण जरी सापडले तरी त्यांची प्रतिज्ञापत्रं तुमच्या कामाची, आणि कदाचित तुमची वही त्यांच्या. रोज पंधरा मिनिटं पुरेत. दम लागला की थांबा, पाणी द्या. प्रत्येक पानाखाली तारीख आणि त्यांची सही.

पहिल्या दिवशी दाव्याचं नाव काढू नका. एवढंच विचारा, "अण्णा, तुम्ही पहिल्यांदा खात्यात गेलात तेव्हा शेजारी कोण होतं?"